डावी काच



स्मृतिव्याख्यानाचा विषय भारदस्त असावा असा एक संकेत आहे. मी विषय कळवला तेव्हा संयोजकांनी फोनवर दोनदा खात्री करून घेतली. काच उघडी ठेवून ट्रक चालवताना कानात जे घुमतं, त्यावरच बोलणार ना? त्यावरच. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या सरांनी आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. इथल्या कितीतरी गाडीवाल्यांची मुलं त्यांच्या हाताखालून गेली. त्यांना हा विषय हलका वाटला नसता, एवढ्या भरवशावर मी उभा आहे.

आधी घडतं काय ते सांगतो. मागच्या रांगांमध्ये बसलेल्या ट्रान्सपोर्टनगरीतल्या गाडीवाल्यांनी दोन मिनिटं सोसावं, त्यांना हे पाठ आहे. साताऱ्याहून कराडकडे चौपदरी रस्त्यानं ट्रक चाललाय. उन्हाची वेळ, म्हणून उजवी काच पूर्ण खाली. क्लीनरच्या बाजूची काच बंद. चाळीसच्या वेगाला काही विशेष नाही, नुसता वारा. पन्नासलाही वाराच, जरा जोराचा. साठ ओलांडून सत्तरच्या पुढे काटा गेला की केबिनमधली सगळी हवा एकदम घुमायला लागते. त्याला आवाज म्हणावं तर तो धड ऐकू येत नाही. कानाचा पडदा कुणीतरी दाबतंय आणि सोडतंय, दाबतंय आणि सोडतंय, आणि इतक्या भरभर की मोजता येत नाही. छातीतही ते जाणवतं. डॅशबोर्डवर ठेवलेल्या बिल्टीच्या कागदाचा मोकळा कोपरा फडफडत नाही, एका जागी बारीक थरथरतो. शेजारच्याशी बोलायला गेलात तर आपलाच शब्द फाटल्यासारखा येतो. पाच-दहा मिनिटं हे चाललं की कानाला दडे बसतात, डोकं जड होतं, आणि माणूस विनाकारण चिडतो.

आता क्लीनरनं डावी काच चार बोटं खाली करावी. घुमणं जागच्या जागी थांबतं. वारा वाढलेला असतो, पसारा उडत असतो, आवाजही तसा जास्तच असतो, पण कान मोकळे होतात. गाडीवाल्यांना हा उपाय कुणी शिकवला नाही. एका बाजूनं वारा घेतलास तर दुसऱ्या बाजूनं सोड, एवढंच ते सांगतात, आणि त्यांचं बरोबर आहे. मात्र या साध्या वाक्यामागे दीडशे वर्षांचं शास्त्र आहे. आणि अलीकडे ही चार बोटं काच खाली करणं अवघड होत चाललंय, ते का, हे सांगायला मी आलो आहे.

हरमान फॉन हेल्महोल्ट्झ हा जर्मन शास्त्रज्ञ मूळचा पॉट्सडॅमच्या पलटणीतला डॉक्टर. जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत पाहायचं यंत्र त्यानं १८५१ मध्ये केलं, आणि १८६३ मध्ये स्वरांच्या संवेदनेवरचा त्याचा मोठा ग्रंथ आला. त्याच्या प्रयोगशाळेत पोकळ गोळे होते, काही काचेचे, काही पितळेचे. एका बाजूला तोंड, दुसऱ्या बाजूला कानात बसेल अशी निमुळती चोच. खोलीत शंभर सूर वाजत असले तरी एक गोळा एकाच सुराला जागा व्हायचा. वाद्यांच्या मिश्र आवाजातून एकेक स्वर निवडून काढायला त्यानं ही युक्ती वापरली. आपल्या सी. व्ही. रामन यांनी स्वतःवर प्रभाव टाकणाऱ्या तीन पुस्तकांत हेल्महोल्ट्झचा हा ग्रंथ धरला होता, आणि १९२० मध्ये त्यांनी ‘नेचर’मध्ये तबला-मृदंगासारख्या वाद्यांच्या स्वरांवर टिपण प्रसिद्ध केलं. तेव्हा ट्रकच्या केबिनबद्दल बोलताना आपण फार खालच्या पंगतीला बसलेलो नाही, हे संयोजकांच्या समाधानासाठी सांगून ठेवतो.

गोळा असो की केबिन, तत्त्व एकच. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की बाटली वाजते, हे सरांनी प्रत्येक वर्गाला करून दाखवलं असणार. बाटलीच्या गळ्यातली हवा हा एक छोटासा जड तुकडा, आणि पोटातली हवा ही त्याच्याखालची स्प्रिंग. गळ्यातली हवा आत ढकलली की पोटातली दबते आणि ती परत बाहेर लोटते. बाहेर गेली की पोटात ओढ तयार होते आणि ती परत आत येते. पोट मोठं तर स्प्रिंग मऊ, सूर खाली. तोंड मोठं तर सूर वर. ट्रकमध्ये खिडकी हे तोंड आणि केबिन हे पोट. एवढं मोठं पोट असल्यावर सूर किती खाली जाईल, ते काढू.

केबिनमध्ये सहा घनमीटर हवा धरा. खाली केलेल्या काचेची जागा ०.३५ चौरस मीटर. गळ्याची लांबी काढताना गंमत आहे. दाराची जाडी चार-सहा बोटं, पण खिडकीच्या आतली आणि बाहेरची हवाही सोबत हलते, म्हणून हिशेबात अर्धा मीटर धरावा लागतो. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर. हेल्महोल्ट्झच्या सूत्रात हे आकडे घातले की उत्तर येतं सेकंदाला १८ आंदोलनांच्या आसपास. माणसाचा कान साधारण २० च्या वर ऐकतो असं आपण शाळेत शिकलो. म्हणजे ही केबिन कानाच्या उंबरठ्याखालच्या सुराला लागलेली आहे. ते ऐकू कमी येतं आणि जाणवतं जास्त, याचं कारण हे. तुलनेला इंजिन घ्या. सहा सिलिंडरचं चार स्ट्रोकचं इंजिन १५०० च्या गतीनं फिरताना सेकंदाला ७५ वेळा पेटतं. त्याची घरघर कितीतरी वरच्या सुरात असते, आणि गाडीवाल्याच्या कानाला ती सवयीची असते.

पण बाटली आपण फुंकतो. केबिनला फुंकर कोण मारतं? इथं बहुतेकांचा समज असतो की वारा खिडकीतून आत घुसतो आणि आत आदळतो. तसं फारसं होत नाही. वारा खिडकीच्या समोरून आडवा जातो. समोरच्या काचेच्या कडेचा खांब ओलांडल्यावर त्याला आधाराला पत्रा मिळत नाही. एका बाजूला सेकंदाला २० मीटरनं पळणारी हवा, दुसऱ्या बाजूला केबिनमधली थांबलेली हवा. अशा दोन थरांची सीमारेषा सरळ राहूच शकत नाही. ती वळते, गुंडाळते आणि तिचे भोवरे होतात. हेल्महोल्ट्झनं १८६८ मध्ये आणि लॉर्ड केल्विननं १८७१ मध्ये हे गणितानं मांडलं. समुद्रावर वाऱ्यानं लाटा उठण्याचं कोडं सोडवताना केल्विन याच अस्थिरतेपाशी आला.

हे भोवरे वाऱ्याच्या निम्म्याहून थोड्या जास्त वेगानं खिडकीच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेकडे जातात. मागच्या कडेवर आपटले की दाबाचा एक ठोसा आत जातो. तो ठोसा केबिनमधून परत पुढच्या कडेपाशी पोचतो आणि पुढच्या भोवऱ्याला वेळेवर सुटायला लावतो. भोवरा ठोसा देतो, ठोसा भोवरा सोडतो. हा फेरा एकदा जुळला की बाहेरून कुणी काही करायला लागत नाही. याचं नेमकं गणित विमानवाल्यांनी केलं, कारण बाँब टाकण्यासाठी विमानाच्या पोटाचे दरवाजे उघडले की आत हेच घुमायचं आणि विमानाची कातडी हादरायची. इंग्लंडच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये रॉसिटर यांनी १९६४ मध्ये त्याचं सूत्र दिलं. ते आजही वापरात आहे.

ते सूत्र आपल्या खिडकीला लावू. खिडकीची पुढून मागची लांबी अर्धा मीटर. ताशी ४० किलोमीटरला भोवरे येतात सेकंदाला १० च्या आत. ६० ला १४. ८० ला १८ च्या जरा वर. आणि केबिनचा स्वतःचा सूर आहे १८. सत्तरच्या पुढे गेल्यावरच का घुमतं, हे आता सांगायला नको. वाऱ्याची फुंकर आणि केबिनचा सूर तिथं येऊन भेटतात.

इथं एक सावधगिरी. हे आकडे अंदाजी केबिनचे आहेत. आरशाची दांडी कुठं बसवली, खांब किती गोल आहे, दारावर पावसाचं व्हायझर आहे की नाही, यावर भोवरे नीट बांधले जातात की विस्कटतात ते ठरतं. त्यामुळे एका कंपनीची गाडी साठलाच घुमते आणि दुसऱ्या कंपनीची त्याच मापाची गाडी कधीच घुमत नाही. काच अर्धी वर घेतली की थांबेल असंही नाही. काच वर-खाली केल्यानं खिडकीची पुढून मागची लांबी बदलत नाही, फक्त तोंड लहान होतं. म्हणजे केबिनचा सूर खाली उतरतो आणि घुमणं कमी वेगाला सरकतं. सत्तरला होत होतं ते साठला होतं. गाडीवाले म्हणतात, काच वर घेतली तरी पिच्छा सोडत नाही. खरं आहे.

कारमध्ये हाच प्रकार मागची खिडकी उघडली की होतो, आणि पुढे जाऊन मी म्हणेन की कारवाल्याचं दुःख थोड्या वेळाचं असतं. तो वेग वाढवून त्या जागेतून बाहेर पडतो. ट्रकवाल्याच्या गाडीला नियमानं ताशी ८० वर वेग रोखणारा गव्हर्नर असतो. रिकाम्या गाडीनं आणि मोकळ्या रस्त्यानं तो दिवसभर ज्या वेगात जातो, तो नेमका घुमण्याचा वेग. भोवऱ्यांची आणि नियमाची ही गाठ कुणी ठरवून मारलेली नाही, पण पडली आहे.

आता हे घुमणं किती जोराचं असतं? खिडकी उघड्या गाड्यांच्या आतला दाब मोजणाऱ्यांना ११० डेसिबलच्या वरचे आकडे अनेकदा मिळाले आहेत. डेसिबल म्हटलं की डोळ्यांसमोर काही येत नाही, म्हणून दुसऱ्या मापात सांगतो. ११४ डेसिबल म्हणजे १० पास्कल दाबाची चढउतार. समुद्रसपाटीला एक मीटर वर चढलं की हवेचा दाब साधारण १२ पास्कलनं कमी होतो. म्हणजे तुमचं डोकं सेकंदाला १८ वेळा पाऊण-एक मीटर उंच नेऊन परत खाली आणलं, तर कानाला जे कळेल तेवढं. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना आपण साडेपाचशे मीटरच्या आसपास वर जातो आणि कान दोनतीनदा गच्च होतात. पण तो बदल मिनिटामिनिटानं होतो. एक आवंढा गिळला की कानामागची नळी उघडते आणि दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. सेकंदाला १८ वेळा आवंढा गिळता येत नाही.

आणि इथं मला यंत्रांबद्दल थोडं कडू बोलायचं आहे. आवाजाविषयी कुठलाही कागद काढा. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतही मर्यादा दिल्या आहेत त्या ‘डेसिबल ए’ मध्ये. हे ‘ए’ म्हणजे काय? कान सगळे सूर सारख्या जोरानं ऐकत नाही. बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये माणसांना सूर ऐकवून त्याचे आलेख काढले. त्यातल्या हळू आवाजाच्या आलेखावरून यंत्राला एक चाळणी बसवली गेली. कानाला जे कमी ऐकू येतं ते यंत्रानंही कमी धरायचं. बोलण्याच्या, भोंग्यांच्या, कारखान्याच्या आवाजाला ही चाळणी ठीक आहे. पण २० आंदोलनांच्या सुराला ती ५० डेसिबल कापते आणि १६ च्या सुराला जवळजवळ ५७. आता हिशेब करा. केबिनमध्ये १६ आंदोलनांचं ११५ डेसिबलचं घुमणं चाललं आहे, आणि त्याच्यापुरता ‘ए’ लावलेल्या यंत्राचा काटा दाखवणार ५८. दोन माणसं शेजारी बसून गप्पा मारतात तेवढं. गाडीवाला म्हणतो डोकं फुटतंय, यंत्र म्हणतं छान गप्पा चालल्यात. अशा वेळी माणसाला वेड्यात काढण्याआधी यंत्राला कुठली चाळणी लावली होती ते विचारायचं, एवढं तरी आपण सरांच्या विद्यार्थ्यांनी करायला हवं. चाळणी न लावता मोजायची सोय बऱ्याच यंत्रांत असते. एक खटका फिरवायचा असतो.

यानं बहिरेपण येतं असं मी म्हणत नाही. कान जातो तो मुख्यतः वरच्या सुरांच्या जोरदार आवाजानं, आणि उघड्या खिडकीशी उजवा कान लावून बसलेल्या माणसाला ते सुरही भरपूर मिळतात. वाऱ्याचा सूंऽऽ आवाज, टायरचा आवाज, आणि ओव्हरटेक करणाऱ्या बसचा प्रेशर हॉर्न, जो थेट कानाच्या भोकात येतो. घुमण्यानं होतं ते वेगळं. दडपण येतं, थकवा येतो, लक्ष उडतं. मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट १९६१ मध्ये आला आणि त्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास असं लिहिलेलं होतं. मागच्या रांगेत हशा झाला, तो टिपणात घ्यावा.

मग हे पूर्वी का नव्हतं? जुने ड्रायव्हर भेटले की सांगतात, आमच्या गाडीत असलं काही व्हायचं नाही. ते बरोबर सांगतात. जुना ट्रक तयार कसा व्हायचा ते आठवा. टेल्कोनं १९५४ मध्ये डायमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक निघू लागले. करार १९६९ मध्ये संपला, पण लोकांच्या तोंडी ‘मर्सिडीज’ पुढं कितीतरी वर्षं राहिली. कारखान्यातून बहुतेक वेळा निघायची ती नुसती चासी. इंजिन, चाकं, स्टेअरिंग आणि समोरचा काऊल. दार नाही, छप्पर नाही, कित्येकदा बसायला धड सीटही नाही. चासी पोचवणारे ड्रायव्हर डोळ्यांना गॉगल, तोंडाला गमछा बांधून शेकडो किलोमीटर उघड्यावर बसून यायचे. हायवेवर अशा चाशांची रांग आजही अधूनमधून दिसते. वाऱ्याचा मारा म्हणजे काय ते त्यांना विचारावं. पण घुमणं? शून्य. पोटच नाही तर सूर कुठला?

मग ती चासी बॉडीवाल्याकडे जायची. सुतार, वेल्डर, पत्रेवाला आणि पेंटर मिळून केबिन उभी करायचे. लाकडी चौकट, वर पत्रा, समोर दोन तुकड्यांची काच, मागे जाळीची खिडकी. पायाखालच्या फळ्यांत फटी, क्लच-ब्रेकच्या दांड्यांभोवती भोकं, दारं कधीच घट्ट न बसणारी. पावसाळ्यात मांडीवर पाणी, उन्हाळ्यात बॉनेटची धग, आणि थंडीत पायाला कापरं. पण ही केबिन शंभर ठिकाणी गळत होती, म्हणून तिच्यात दाब साठत नव्हता. भोवऱ्यानं ठोसा दिला की तो फटीफटीतून निघून जायचा. बॉडीवाल्या मिस्त्रीनं हेल्महोल्ट्झ वाचला नव्हता, त्याला फटी बुजवायला वेळही नव्हता आणि पैसेही मिळत नव्हते. यात कौतुक करण्यासारखं काही नाही. अपघातात ती केबिन आगपेटीसारखी... जाऊ द्या, इथं काही घरांतले लोक बसले आहेत. ती गेली ते उत्तम झालं. घुमण्याच्या बाबतीत एसटीच्या बसचंही तसंच. वीस खिडक्या, त्यातल्या पंधरा उघड्या. खडखडाट भरपूर, घुमणं नाही.

आताची केबिन कारखान्यातून पूर्ण तयार येते. पत्रा एकसंध, दारांना दुहेरी रबर, पेडलच्या भोकांना बूट. धूळ कमी, इंजिनाचा आवाज कमी, गळती नाही. आणि त्यात आता एसी आला. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी तो आणायचं जाहीर केलं, त्याच वर्षाच्या डिसेंबरात अधिसूचना निघाली आणि २०२५ पासून साडेतीन टनांच्या वरच्या नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. चंद्रपूरहून कोळसा घेऊन मे महिन्यात निघणाऱ्या माणसाला या निर्णयाचं मोल विचारा. मी स्वागतच करतो. पण एसीसाठी केबिन आणखी घट्ट करावी लागते. घट्ट केबिन आणि एक उघडी खिडकी ही घुमण्याची आदर्श मांडणी आहे.

तुम्ही म्हणाल, एसी आहे तर खिडकी उघडायचीच कशाला? हा प्रश्न ट्रक न चालवणाऱ्याचा आहे. पहिली गोष्ट, रस्त्यावर आज जे लाखो ट्रक आहेत त्यांतल्या बहुतेकांत एसी नाही, आणि ते लगेच भंगारात जाणार नाहीत. दुसरी, एसी असला तरी डिझेलचा हिशेब मालक मागतो. चढाला भरलेली गाडी घुसमटते तेव्हा ड्रायव्हर सगळ्यात आधी एसी बंद करतो. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. उघडी खिडकी हे ड्रायव्हरचं एक अवजार आहे. कशेडी किंवा खंबाटकी घाट उतरताना ब्रेकचं लायनर तापल्याचा वास काचेआड येत नाही, किंवा येतो तेव्हा उशीर झालेला असतो. जोडचाकातलं आतलं टायर बसलं तर त्याचा फटफट आवाज आधी खिडकीतून कळतो. ताडपत्रीचा दोर सुटून फडफडतोय, मागची गाडी डाव्या बाजूनं घुसतेय, घाटात वरून येणारा हॉर्न देतोय, हे सगळं कानानं आणि नाकानं कळतं. पहाटे झोप यायला लागली की काच खाली करून तोंडावर वारा घेतात, त्यानं झोप टळते की नाही हा वेगळा विषय, पण सगळे करतात. तंबाखूचं मी बोलत नाही, सरांची व्याख्यानमाला आहे.

काच वर ठेवली म्हणजे माणूस सुखरूप, असंही नाही. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’नं अमेरिकेतल्या ६९ वर्षांच्या एका ट्रकड्रायव्हरचा फोटो छापला. २८ वर्षं डिलिव्हरीचा ट्रक चालवलेला माणूस. डावीकडचा निम्मा चेहरा उजवीकडच्यापेक्षा वीसेक वर्षांनी म्हातारा दिसतो. तिथं स्टेअरिंग डावीकडे, म्हणून ती बाजू खिडकीची. साधी काच उन्हातले अतिनील ‘ए’ किरण आत येऊ देते, आणि ते कातडीत खोल जातात. आपल्याकडे ती बाजू उजवी. इथल्या जुन्या ड्रायव्हरांचे उजवे आणि डावे हात शेजारी ठेवून पाहा.

तर खिडकी उघडणार आहे. मग उपाय तोच, डावी काच चार बोटं खाली. शास्त्रात तो असा बसतो. दुसरं तोंड उघडलं की केबिनचा सूर वर सरकतो आणि भोवऱ्यांच्या तालाबाहेर जातो. शिवाय दाब साठायला जागा राहत नाही, कारण आत आलेला ठोसा दुसऱ्या बाजूनं निघून जातो, आणि आरपार वारा सुरू झाला की उजव्या खिडकीसमोरचे भोवरेही नीट बांधले जात नाहीत. तिन्ही गोष्टी एकदम होतात, म्हणून ते कमी न होता थेट थांबतं.

फक्त ती काच खाली करणारा माणूस आता बऱ्याच गाड्यांत नाही. क्लीनर हा या धंद्यातला शिकाऊ माणूस होता. चाकाला लाकूड लावणारा, चहा आणणारा, आरशात न दिसणारी डावी बाजू तोंडानं सांगणारा, आणि डाव्या काचेचं हँडल फिरवणारा. क्लीनर होऊनच ड्रायव्हर व्हायचे. आता भाड्यात परवडत नाही म्हणून एकटा ड्रायव्हर लांबच्या पल्ल्याला जातो. केबिन दोन मीटरहून जास्त रुंद. मध्ये इंजिनाचा उंचवटा, त्यावर पांघरूण, डबा, पाण्याचा कॅन. सत्तरच्या वेगात ड्रायव्हरनं स्टेअरिंग सोडून डाव्या दाराचं हँडल फिरवायला जाणं म्हणजे गाडी दुभाजकावर घालणं. म्हणून तो घुमणं सोसतो, किंवा उजवी काच वर घेऊन उकाडा सोसतो. क्लीनर गेल्याचं दुःख मी अनेक अंगांनी ऐकलं आहे. कमी झोप, एकटेपणा, मागे घेताना होणारे अपघात. कानाचं कुणी बोलत नाही, कारण ते कागदावर आणायचं यंत्र ५८ दाखवतं.

पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन १९६६ पासून आहे, इथून फार लांब नाही. गाड्यांचे कारखाने तर या गावाच्या चहूबाजूंना आहेत. आज या सभागृहात त्यांतले इंजिनिअर आहेत, मला दोन-तीन ओळखीचे चेहरे दिसतात. त्यांच्याकडे माझी मागणी अगदी लहान आहे. नव्या ट्रकच्या केबिनची चाचणी काचा बंद ठेवून तर कराच, पण एकदा उजवी काच पूर्ण खाली आणि डावी बंद ठेवून ४० पासून ८० पर्यंत हळूहळू न्या, आणि आतला दाब चाळणी न लावता मोजा. ज्या वेगाला काटा उसळेल तिथं आरशाची दांडी, खांबाचा आकार किंवा व्हायझर बदलून बघा. मोटारींच्या छतातल्या खिडकीसमोर एक छोटी पट्टी उभी राहते, तिचं काम हेच, भोवरे एका ओळीत येऊ न देणं. केबिनच्या मागच्या भिंतीत झडप द्या, जी आतून दाब आला की उघडेल आणि धुळीला आत येऊ देणार नाही. आणि डाव्या काचेला मोटर लावून तिचं बटण उजव्या दारावर द्या. चारचाकीच्या कितीतरी साध्या मॉडेलनासुद्धा ते असतं. ट्रकच्या किमतीत त्याचा खर्च कुठं दिसणारही नाही, मात्र खरेदीच्या वेळी मालकानं ते मागायला हवं, कारण गाडी विकत घेणारा तो आणि चालवणारा दुसरा.

तोवर गाडीवाल्यांनी यार्डातून निघतानाच खाली उतरून डावी काच चार बोटं खाली करून ठेवावी आणि मगच उजव्या बाजूला येऊन बसावं. दगडखाणीच्या रस्त्यावर धूळ येईल, तेवढ्यापुरती वर घ्यावी. पावसात केबिनच्या मागची सरकती काच असेल तर ती उघडावी, तिथं पाण्याचा मारा कमी लागतो आणि काम तेच होतं. ज्यांच्या गाडीला ती नाही त्यांनी डाव्या दारावर व्हायझर बसवून घ्यावं, म्हणजे पावसातही दोन बोटं उघडी ठेवता येतात. दोन बोटांनी पूर्ण थांबलं नाही तर वेग पाच-सातनं कमी करून बघावा. बसवताना व्हायझर आरशाच्या आड येत नाही ना, एवढं दुकानातच सीटवर बसून पाहून घ्यावं.

प्रश्न विचारायला अध्यक्षांनी वेळ ठेवला आहे. आधी मागच्या रांगेला संधी द्यावी, अशी माझी विनंती आहे.